खांद्यावरचे क्षेपणास्त्र : शंका आणि समाधान

मे २०२५ मधल्या ‘ऑपरेशन सिंदूर’नंतर या सदराकडे हवाई संरक्षणाविषयीची पत्रे वाढली. या खेपेस परभणी जिल्ह्यातून आलेल्या पत्रांत एकाच शस्त्राचा विषय वारंवार निघाला. सैनिक खांद्यावर घेऊन विमानावर डागतो, ते छोटे क्षेपणास्त्र. सोव्हिएत संघात घडलेली ‘स्त्रेला’ आणि ‘इग्ला’ ही त्याची दोन कुळे जगभर पसरली आणि आपल्या सैन्यातही आली. पत्रांत कुतूहल आहे, पण काळजी त्याहून जास्त आहे. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

“लेकराच्या खांद्यावरच फुटलं तर?”

*माझं लेकरू अग्निवीर म्हणून भरती झालं. आता ते हवाई संरक्षणाच्या तुकडीत आहे. परवा फोनवर म्हणालं, “आई, खांद्यावर क्षेपणास्त्र घेऊन विमान पाडायचं शिकतोय.” तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. दिवाळीतला साधा बाण हातात फुटला तरी पोरांचे हात भाजतात, आणि हे तर कानाजवळ. आतल्या आत फुटलं तर? जाळ त्याच्या तोंडावर आला तर? डोळ्याला डोळा लागत नाही.* — एक आई, जिंतूर तालुका

ताई, तुम्हाला जी भीती वाटते तीच हे शस्त्र घडवणाऱ्यांनाही पहिल्या दिवसापासून होती, म्हणून तिचा बंदोबस्त रचनेतच केलेला आहे. क्षेपणास्त्र दोन टप्प्यांत सुटते. नळीच्या आत फक्त एक छोटा दारूचा भाग जळतो. तो क्षेपणास्त्राला बाहेर ढकलतो आणि नळीतून सुटेपर्यंत जळून संपलेला असतो. मुख्य इंजिन पेटते ते क्षेपणास्त्र सैनिकापासून काही मीटर पुढे गेल्यावर. त्यामुळे जाळ तोंडावर येत नाही. स्फोटकशीर्ष (क्षेपणास्त्रातला फुटणारा भाग) उड्डाण सुरू झाल्यावरच स्फोटासाठी सज्ज होते. नेम चुकला तर साधारण पंधरा सेकंदांनी क्षेपणास्त्र हवेतच स्वतःला नष्ट करते.

नळीच्या मागच्या तोंडातून गरम वायू आणि धूळ जोरात बाहेर पडते, हे मात्र खरे. म्हणूनच मागे कोणी उभे राहायचे नाही, ठरलेल्या कोनातच नळी धरायची, कानांना संरक्षण लावायचे, हे नियम जवानांकडून घोटून घेतले जातात. प्रशिक्षणाचा मोठा भाग सिम्युलेटरवर (खऱ्याचा अनुभव देणाऱ्या सराव-यंत्रावर) होतो. खरे क्षेपणास्त्र डागण्याची पाळी फार उशिरा आणि अनुभवी प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली येते. आपल्या हवाई संरक्षण दलाचे महाविद्यालय ओडिशातल्या गोपालपूरला आहे. १९८९ पर्यंत ते आपल्या नाशिकजवळच्या देवळालीतल्या तोफखाना विद्यालयाचाच भाग होते. इतक्या वर्षांच्या शिस्तीतून तुमचा मुलगा शिकतो आहे.

सैनिकी नोकरीत धोका असतो, तो मी नाकारणार नाही. पण खांद्यावरच्या या नळीचा धोका त्यातला फार छोटा भाग आहे. मुलाविषयी काही अडचण असेल तर परभणीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारा. तुमची झोप मात्र कित्येक आठवडे उडालेली असेल, तर जिल्हा रुग्णालयात डॉक्टरांना दाखवा. ती तक्रार मुलाच्या बदलीची वाट पाहत अंगावर काढू नका.

“एकाच शस्त्राची इतकी नावं कशी?”

*मी बारावीनंतर एनडीएची तयारी करतोय. एका पुस्तकात स्त्रेला-२ लिहिलंय, दुसऱ्यात एसए-७, तिसऱ्यात ग्रेल. इग्लाचाही असाच गोंधळ. मुलाखतीत विचारलं आणि चुकलो तर वर्ष वाया जाईल. शिकवणीतले सर म्हणतात, रशियाने अमेरिकेची सरळ नक्कल केली. हे सांगायचं की नाही?* — एक विद्यार्थी, सेलू

गोंधळ तुमच्या अभ्यासाचा नाही, नावे ठेवणाऱ्यांचा आहे. सोव्हिएत संघात प्रत्येक शस्त्राला एक सांकेतिक क्रमांक आणि एक नाव असे. पाश्चात्त्य देशांच्या नाटो संघटनेला ते माहीत नसल्याने तिने स्वतःचा क्रमांक आणि स्वतःचे नाव दिले. म्हणून ९के३२, स्त्रेला-२, एसए-७ आणि ग्रेल ही एकाच शस्त्राची चार नावे झाली. पुढच्या जोड्या अशा लक्षात ठेवा : स्त्रेला-३ म्हणजे एसए-१४, इग्ला-१ म्हणजे एसए-१६, इग्ला म्हणजे एसए-१८ आणि इग्ला-एस म्हणजे एसए-२४.

आता इतिहास. १९५० नंतर लढाऊ विमाने रडारला चुकवण्यासाठी जमिनीलगत उडू लागली. पायदळाच्या हाती त्यांच्याविरुद्ध मशीनगनपलीकडे फारसे काही नव्हते. अमेरिकेने ‘रेडआय’ या खांद्यावरच्या क्षेपणास्त्राचे काम हाती घेतले. सोव्हिएत सरकारने १९६० मध्ये मॉस्कोच्या आग्नेयेस असलेल्या कोलोम्ना शहरातल्या रचना-कार्यालयाकडे हे काम सोपवले. तिथले प्रमुख बोरिस शाविरिन हे मूळचे उखळी तोफांचे रचनाकार. १९६५ मध्ये त्यांचे निधन झाले आणि सेर्गेई नेपोबेदिमी यांनी काम पुढे नेले. १९६८ मध्ये स्त्रेला-२ सैन्यात दाखल झाले. सगळे मिळून वजन पंधरा किलोच्या आसपास, क्षेपणास्त्राची जाडी ७२ मिलिमीटर, पल्ला सुमारे साडेतीन किलोमीटर.

त्याचा ‘डोळा’ म्हणजे शोधक (उष्णता ओळखून दिशा देणारा पुढचा भाग) अवरक्त किरणांवर (डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या किरणांवर) चाले. पहिल्या शोधकाला थंड करण्याची सोय नव्हती. त्याला फक्त इंजिनाच्या मागच्या तोंडाचा तापलेला धातू दिसे. साहजिकच विमान बॉम्ब टाकून पुढे निघून गेल्यावर मागूनच नेम धरता येई. सूर्याच्या दिशेने डागले तर शोधक सूर्याकडेच ओढला जाण्याची भीती असे. शिवाय स्फोटकशीर्ष जेमतेम सव्वा किलोचे. १९६९ पासून इजिप्तने आणि १९७२ पासून उत्तर व्हिएतनामने ते वापरले. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धात त्याचा मारा खाल्लेली बरीच इस्रायली विमाने फुटक्या शेपटीनिशी परत उतरली. इस्रायलने मग आपल्या स्कायहॉक विमानांच्या इंजिनाची मागची नळी लांब केली, म्हणजे स्फोट झालाच तर तो इंजिनापासून दूर व्हावा. व्हिएतनाममध्ये अमेरिकनांनी हेलिकॉप्टरच्या धुराड्यांची तोंडे वर वळवली, जेणेकरून तापलेला भाग खालच्या सैनिकाच्या शोधकाला दिसू नये.

पुढची प्रत्येक सोव्हिएत आवृत्ती अशा एकेका डावाला दिलेले उत्तर आहे. १९७० च्या स्त्रेला-२एम ने पल्ला आणि वेग वाढवला. १९७४ च्या स्त्रेला-३ मध्ये शोधक नायट्रोजन वायूने थंड होऊ लागला. थंड शोधकाला धातूच काय, इंजिनातून निघणारा गरम वायूही दिसतो, त्यामुळे समोरून येणाऱ्या विमानावरही मारा शक्य झाला. इग्लाचा शोधक फ्लेअर (फसवण्यासाठी विमानातून सोडलेली जळती नळकांडी) आणि खरे इंजिन यांतला फरक ओळखायला शिकला. तो शोधक घडवायला वेळ लागत होता, म्हणून १९८१ मध्ये आधी सोपा शोधक बसवलेले इग्ला-१ आले आणि १९८३ मध्ये पूर्ण इग्ला. क्रमांकात मागेपुढे वाटते ते त्यामुळेच. त्यानंतरच्या इग्ला-एस मध्ये पल्ला सहा किलोमीटर आणि स्फोटकशीर्ष अडीच किलोचे झाले.

नकलेबद्दल विचारले तर इतकेच सांगा : दोन्ही देशांपुढे एकच अडचण होती, दोघांची उत्तरे दिसायला सारखी होती, आणि दोन्ही शस्त्रे साधारण एकाच सुमारास सैन्यात आली. नक्कल ठळकपणे झाली ती स्त्रेला-२ चीच. चीनचे एचएन-५ आणि इजिप्तचे ‘ऐन अल-सक्र’ ही तिची सरळ उदाहरणे आहेत.

“आपलंच शस्त्र आपल्यावर उलटलं का?”

*आमचे हे १९९९ साली द्रासकडे होते. हेलिकॉप्टर पडल्याचं त्यांनी पाहिलंय. एवढी वर्षं झाली, पण निवडणुकीत एखाद्या पुढाऱ्याचं हेलिकॉप्टर गावावरून गेलं की हे ओसरीत एकदम खाली बसतात, घामानं भिजतात, मग दोन-दोन दिवस बोलत नाहीत. भावकीतले म्हणतात, रशियाचं शस्त्र आपल्यावरच उलटलं म्हणून ह्यांनी मनाला लावून घेतलं. कुणी म्हणतं डोक्यावर परिणाम झालाय. खरं काय आहे आणि मी काय करू?* — एका माजी सैनिकाची पत्नी, गंगाखेड

ताई, आधी घटना जशी घडली तशी सांगतो. कारगिलमध्ये हवाई दलाची मोहीम २६ मे १९९९ ला सुरू झाली. २७ मे रोजी स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा यांचे मिग-२१ खांद्यावरून डागलेल्या क्षेपणास्त्राने पडले. इंजिन बंद पडलेल्या मिग-२७ मधून उडी घेतलेल्या सहकाऱ्याचा ते शोध घेत होते. त्यांना मरणोत्तर वीरचक्र देण्यात आले. दुसऱ्या दिवशी, २८ मे रोजी, तोलोलिंगच्या परिसरात एमआय-१७ हेलिकॉप्टर अशाच क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि त्यातले चौघे हवाई योद्धे हुतात्मा झाले. तुमच्या पतींनी कदाचित हेच पाहिले असेल.

पाकिस्तानी सैन्याकडे तेव्हा अमेरिकी ‘स्टिंगर’ आणि त्यांचे स्वतःचे ‘अंझा’ अशी दोन क्षेपणास्त्रे होती. रशियाने ती दिलेली नव्हती. अंझाची पहिली आवृत्ती चिनी एचएन-५ वरून आली आणि एचएन-५ स्त्रेला-२ वरून, एवढाच दूरचा धागा आहे. हेलिकॉप्टर सापडले त्याचे मोठे कारण डोंगर हे होते. या क्षेपणास्त्राची उंचीची मर्यादा मोजतात ती डागणारा उभा असतो तिथपासून, समुद्रसपाटीपासून नव्हे. शिखरावर बसलेल्या शत्रूला आपले हेलिकॉप्टर जवळजवळ डोळ्यांच्या पातळीत मिळाले. त्या घटनेनंतर हवाई दलाने हल्ल्यासाठी हेलिकॉप्टरे पाठवणे थांबवले, लढाऊ विमाने क्षेपणास्त्राच्या पल्ल्याबाहेरच्या उंचीवरून मारा करू लागली आणि मिराज-२००० विमानांनी लेझरने दिशा दिलेले बॉम्ब वापरले. त्यात तुमच्या पतींची किंवा त्यांच्या तुकडीची कसलीही चूक नव्हती, हे त्यांना जरूर वाचून दाखवा.

आता दुसरी गोष्ट. आवाज ऐकताच अंग थरथरणे, घाम फुटणे, गप्प होणे ही वेडाची लक्षणे नाहीत. युद्ध किंवा मोठा अपघात पाहिलेल्या माणसाला होणारा हा आघातोत्तर ताण (जुना प्रसंग पुन्हा घडतोय असे शरीराला वाटणे) असू शकतो, आणि तो वर्षानुवर्षे टिकतो. निदान मात्र मानसोपचारतज्ज्ञानेच करायचे. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, म्हणजे ईसीएचएसच्या, जवळच्या केंद्रातून तज्ज्ञाकडे चिठ्ठी मिळते. तोपर्यंत बोलायचे असेल तर ‘टेली-मानस’चा १४४१६ हा सरकारी दूरध्वनी मोफत आहे. जीव नकोसा झाल्याची भाषा त्यांच्या तोंडी आली, तर वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा. उपचाराने अशी माणसे बरी होतात.

“कानात सतत शिट्टी वाजते”

*तोफखान्यात आणि नंतर हवाई संरक्षणात मिळून सतरा वर्षं काढली. गावी आल्यापासून कानात बारीक शिट्टी वाजते, टीव्हीचा आवाज घरच्यांपेक्षा मोठा लागतो. पोरं हसतात. हे वयाचं आहे की फायरिंगचं? मेंदूत काही झालं तर नसेल?* — एक निवृत्त हवालदार, पालम

मोठ्या आवाजाने आतल्या कानातल्या नाजूक पेशी झिजतात आणि त्या पुन्हा वाढत नाहीत. तोफा आणि क्षेपणास्त्रांजवळ वर्षे काढलेल्यांत अशी शिट्टी आणि कमी ऐकू येणे नेहमी आढळते. बहुतेक वेळा त्यामागे मेंदूचा आजार नसतो.

तरीही ते गृहीत धरू नका. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन श्रवणचाचणी करून घ्या, कारण योग्य श्रवणयंत्राने पुष्कळ फरक पडतो. शिट्टी एकाच कानात असेल, चक्कर येत असेल किंवा ऐकू येणे अचानक कमी झाले असेल, तर एक-दोन दिवसांतच दाखवा. सेवेतली वैद्यकीय कागदपत्रे बरोबर ठेवा. कानात तेल मात्र घालू नका.

“मुलाच्या विमानावर कुणी डागलं तर?”

*मुलगा आखातात कामाला आहे. हैदराबादहून विमानानं जातो-येतो. तिकडे युद्धाच्या बातम्या लागल्या की माझे हात-पाय गळतात. गड्यानं खांद्यावर घेऊन प्रवासी विमान पाडता येतं असं ऐकलं. मग तर कुणीही कुठूनही डागेल की! त्याला नोकरी सोडून ये म्हणावं का?* — एक वडील, पूर्णा

काका, ‘कुणीही, कुठूनही’ हे दोन्ही शब्द खोडून टाका. प्रवासी विमान वाटेत दहा-अकरा किलोमीटर उंचीवर असते. इग्लासारखे क्षेपणास्त्र जास्तीत जास्त साडेतीन किलोमीटर उंचीपर्यंत पोहोचते. मध्ये सहा-सात किलोमीटरचे अंतर उरते आणि ते हे शस्त्र ओलांडू शकत नाही. २०१४ मध्ये युक्रेनवर पाडलेल्या मलेशियाच्या विमानाची बातमी तुम्हाला आठवत असेल. ते ‘बुक’ नावाच्या, मोठ्या वाहनावरून डागायच्या क्षेपणास्त्राने पाडले होते. दोन्हींची गल्लत करू नका.

धोका असतो तो विमान चढताना किंवा उतरताना, विमानतळाच्या आसपास. तसे प्रसंग घडलेही आहेत. १९७८ आणि १९७९ मध्ये तेव्हाच्या ऱ्होडेशियात दोन व्हायकाउंट प्रवासी विमाने उड्डाणानंतर थोड्याच वेळात स्त्रेला-२ ने पाडली गेली. नोव्हेंबर २००२ मध्ये केनियातल्या मोम्बासाहून निघालेल्या इस्रायली विमानावर दोन क्षेपणास्त्रे सोडली, दोन्ही हुकली. नोव्हेंबर २००३ मध्ये बगदादला एका मालवाहू एअरबसच्या पंखाला क्षेपणास्त्र लागले, दिशा-नियंत्रण बंद पडले, तरी वैमानिकांनी केवळ इंजिनांची ताकद कमी-जास्त करून ते सुखरूप उतरवले. ऱ्होडेशिया आणि बगदाद ही तर उघड युद्धभूमीच होती. हे शस्त्र चुकीच्या हाती पडू नये म्हणून त्याच्या विक्रीवर २००० पासून आंतरराष्ट्रीय बंधने आली आणि २००३ मध्ये ती आणखी कडक झाली. शिवाय त्याची बॅटरी एकदा सुरू केली की मिनिटभराच्या आत संपते आणि साठवणीत पडून तिचे आयुष्यही घटते.

म्हणून या शस्त्राची भीती बाळगायची ती त्याच्या पल्ल्याइतकीच. मुलाला नोकरी सोडायला सांगण्यासारखे कारण यात नाही. युद्ध भडकलेल्या आकाशातून विमाने न्यायची नाहीत, याचे आदेश सरकार आणि विमान कंपन्या काढतात. अशा वेळी विमान रद्द झाले किंवा वळसा घालून गेले तर चिडू नका, ती तुमच्या मुलाची काळजीच आहे. हात-पाय गळणे, छाती धडधडणे वारंवार होत असेल तर मात्र रक्तदाब आणि हृदय तपासून घ्या. सगळे काळजीच्या खात्यावर टाकू नका.

“व्हिडिओ खरा की खोटा?”

*गावच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. रात्रीच्या अंधारात जवान इग्ला डागतो, विमान पेटतं, दुसरं येतं, तेही पडतं. मी तो पुढं पाठवला. आता एकजण म्हणतो हा गुन्हा आहे, पोलीस येतील. मला भीती वाटतेय. आणि इतकं चांगलं शस्त्र आहे तर सगळे ड्रोन त्यानंच का पाडत नाहीत?* — एक तरुण, सोनपेठ

मे २०२५ मध्ये असे पुष्कळ व्हिडिओ फिरले आणि त्यांतले बरेच ‘आर्मा-३’ या संगणक-खेळातले होते. ओळखायच्या काही खुणा आहेत. कॅमेरा अनेकदा मुद्दाम जास्तच हलवलेला असतो, माणसांचे बोलणे ऐकू येत नाही, धुराचा आकार प्रत्येक स्फोटात सारखाच असतो, आणि ठिकाण-तारीख कुठेच नसते. शंका आली तर पत्र सूचना कार्यालयाच्या, म्हणजे पीआयबीच्या, तथ्य-पडताळणी विभागाने काय म्हटले आहे ते पाहा. तुम्ही पाठवलेला व्हिडिओ काढून टाका आणि त्याच ग्रुपवर ‘खात्री न करता पाठवला होता’ असे लिहा. पोलिसांची नोटीस आलीच तर वकिलाला भेटून उत्तर द्या, टाळाटाळ करू नका. खऱ्या लष्करी हालचालींचे चित्रण मात्र कधीही पाठवू नका, त्याने जवानांचा जीव धोक्यात येतो.

ड्रोनबद्दलचा प्रश्न चांगला आहे. हे क्षेपणास्त्र उष्णतेचा माग काढते. बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या ड्रोनची उष्णता जेट इंजिनाच्या मानाने नगण्य असते, त्यामुळे शोधकाला ते पकडणे अवघड जाते. पकडले तरी स्वस्त ड्रोनमागे महागडे क्षेपणास्त्र खर्च होते. म्हणून अशा ड्रोनच्या थव्यांपुढे एल-७० आणि शिल्का यांसारख्या जुन्या तोफा आणि ड्रोनचा संपर्क तोडणारे जॅमर उपयोगी पडले. खांद्यावरचे क्षेपणास्त्र हेलिकॉप्टर, खालून उडणारे विमान आणि इंजिनवाले मोठे ड्रोन यांच्यासाठी राखून ठेवायचे शस्त्र आहे.

“पोरगं रॉकेट बनवतो म्हणतंय”

*मुलगा अकरावीत आहे, अभ्यासात हुशार. विज्ञान प्रदर्शनासाठी ‘उष्णतेच्या मागे जाणारं रॉकेट’ बनवायचं खूळ डोक्यात घेतलंय. फटाक्यांची दारू गोळा करतोय, रात्री उशिरापर्यंत व्हिडिओ बघतोय. रागावलो तर जेवत नाही. उद्या पोलीस दारात आले तर त्याचं आयुष्य संपेल. काय करू?* — एक वडील, परभणी शहर

त्याचे कुतूहल चांगले आहे, साहित्य धोक्याचे आहे. दोन्ही गोष्टी वेगळ्या करा. फटाके फोडून त्यांची दारू साठवणे आणि नळीत ठासणे यात दरवर्षी मुलांची बोटे आणि डोळे जातात. परवान्याशिवाय स्फोटके बनवणे किंवा बाळगणे हा १८८४ चा स्फोटके कायदा आणि १९०८ चा स्फोटक पदार्थ कायदा यांखाली गुन्हाही आहे. हे त्याला धाक म्हणून सांगू नका, माहिती म्हणून सांगा. जमवलेली दारू तुम्ही स्वतः जाळायला किंवा फेकायला जाऊ नका. ती कुठेही न हलवता पोलीस ठाण्यात किंवा अग्निशमन दलाला कळवा आणि ते सांगतील तसे करा.

शोधकाचे तत्त्व मात्र दारूच्या कणाशिवाय शिकता येते. टीव्हीच्या रिमोटचे बटण दाबून त्याचे टोक मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहायला सांगा. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश बहुतेक कॅमेऱ्यांत ठिपक्यासारखा चमकतो. पुढची पायरी म्हणजे बाजारात मिळणारा अवरक्त संवेदक आणि छोटी मोटर वापरून हलत्या दिव्याकडे तोंड वळवणारी फिरती चकती. प्रदर्शनात ती रॉकेटपेक्षा जास्त उठून दिसेल आणि भौतिकशास्त्राचे शिक्षक आनंदाने मदत करतील.

आणि पुढची वाट दाखवा. आपल्या देशाचे स्वतःचे खांद्यावरचे क्षेपणास्त्र, ‘व्हीशोराड्स’, डीआरडीओच्या हैदराबादमधल्या संशोधन केंद्रात घडले आहे. २७ सप्टेंबर २०२२ रोजी ओडिशातल्या चांदीपूरला त्याच्या दोन चाचण्या यशस्वी झाल्या आणि त्यानंतर ऑक्टोबर २०२४ मध्ये पोखरणलाही. परभणीहून हैदराबाद एका रात्रीच्या गाडीचा प्रवास आहे. गणित आणि भौतिकशास्त्र पक्के केले तर तुमच्या मुलाला त्या दारातून कायदेशीरपणे आत जाता येईल.

“शेतात लोखंडी नळी निघाली”

*गोदावरीकाठच्या शेतात नांगरताना हिरवट रंगाची, एका बाजूनं बंद असलेली लोखंडी नळी निघाली. गडी म्हणतो भंगारात चांगला भाव येईल. पोरं म्हणतात क्षेपणास्त्र आहे. मी ती गोठ्यात ठेवलीय. पोलिसांना सांगावं तर माझ्यावरच आळ येईल की काय, या भीतीनं गप्प बसलोय.* — एक शेतकरी, पाथरी तालुका

ती इग्ला किंवा स्त्रेला असण्याची शक्यता जवळजवळ नाही. ही शस्त्रे सैन्याच्या बंदोबस्तात, मोजदाद करून ठेवलेली असतात. शिवाय त्यांची नळी दीड मीटरपेक्षा लांब आणि फायबरची असते. शेतात मिळणाऱ्या अशा वस्तू बहुतेक वेळा पंपाचा जुना भाग, पाइपचा तुकडा किंवा गॅसची टाकी निघतात. हवामान खात्याच्या फुग्याबरोबर वर गेलेली छोटी पांढरी पेटीही कधी कधी रानात पडलेली सापडते आणि तिची उगाच भीती घेतली जाते.

पण जवळजवळ नाही म्हणजे अजिबात नाही असे नव्हे. मराठवाड्याने निजामाच्या संस्थानावरची १९४८ ची पोलीस कारवाई पाहिली आहे आणि जुना दारूगोळा गंजला म्हणजे निकामी झाला असे होत नाही. अनेकदा तो जास्तच नाजूक होतो. तेव्हा नळी आता आहे तिथेच राहू द्या. तिला हलवू, पुसू, ठोकू किंवा कापू नका, तिच्यावर पाणी ओतू नका. जनावरे शांतपणे बाहेर काढा, पोरांना आणि गड्याला दूर ठेवा, आणि ११२ वर फोन करून पोलिसांना सांगा. ते बॉम्बशोधक व नाशक पथकाला बोलावतील. वस्तू कसली आहे हे ठरवण्याचे काम त्या पथकाचेच आहे. माझे नाही, भंगारवाल्याचे तर मुळीच नाही.

आळ येण्याची भीती मला समजते. पण वस्तू सापडल्यावर स्वतःहून कळवणारा माणूस साक्षीदार असतो. लपवून ठेवणाऱ्याला किंवा विकणाऱ्याला प्रश्न विचारले जातात. कुठे आणि केव्हा सापडली ते आहे तसे सांगा आणि शक्य असेल तर पोलीस पाटील किंवा सरपंच यांना बरोबर घ्या. पत्राचे उत्तर छापून येईपर्यंत थांबावे लागू नये म्हणून सर्वच वाचकांना विनंती करतो : रानात, नदीपात्रात किंवा भंगारात अनोळखी नळी, गोळा किंवा काडतूस दिसले, तर आधी चार पावले मागे सरा, मग ११२ लावा आणि पत्र त्यानंतर लिहा.